भिंतीच्या फटीतला मेंदूज्वर

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

किल्लारीचे नाव निघाले की ऐकणाऱ्याच्या मनात एकच तारीख येते. ३० सप्टेंबर १९९३. पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी जमीन हलली आणि लातूर व तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतली गावेच्या गावे ढिगारा झाली. सरकारी आकड्याप्रमाणे ७,९२८ माणसे गेली. त्या पहाटेवर पुष्कळ लिहून-बोलून झाले आहे. आज मला बोलायचे आहे ते लहान मुलांना तापात एकाएकी होणाऱ्या मेंदूच्या विकारावर. भूकंपाशी याचा काय संबंध, असे तुम्ही विचाराल. संबंध आहे तो भिंतीचा. ज्या दगडमातीच्या भिंतींनी त्या पहाटे माणसे गाडली, तशाच भिंतींच्या फटीत एक इवलीशी माशी राहते, आणि गेल्या साठ वर्षांत या माशीचा आणि आपल्या लेकरांच्या तापाचा धागा हळूहळू उलगडत गेला आहे.

मी डॉक्टर नाही. माझी सारी नोकरी आरोग्य खात्यात, फवारणीच्या टोळीबरोबर खेडी हिंडण्यात गेली. त्यामुळे औषधांपेक्षा भिंतींशी माझी ओळख जास्त. निवृत्तीनंतर वेळ मिळाला तसा या आजाराचा इतिहास वाचत गेलो. त्यातले जे पक्के आहे तेवढेच सांगतो.

आजार जुना आहे. धडधाकट मूल, संध्याकाळी अंग तापते, रात्री उलटी होते, मग डोळे फिरतात, हातपाय ताठ होऊन झटके येतात, शुद्ध जाते, आणि दुसरा दिवस मावळण्याआधी सारे संपते. आपल्या वैद्यकाला हे चित्र ठाऊक होते. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात नऊ बालग्रहांचे वर्णन आहे. स्कंदग्रह, स्कंदापस्मार, शकुनी, रेवती, पूतना, अंधपूतना, शीतपूतना, मुखमंडिका आणि नैगमेष. मूल एकाएकी ओरडते, मुठी आवळते, तोंडाला फेस येतो, शुद्ध हरपते, अशी लक्षणे तिथे बारकाईने सांगितली आहेत. कारण मात्र ग्रहाचे दिले आहे. खेड्यात त्याचीच पुढे नजर, बाधा, बाहेरचे झाले. माझ्या आजीची दोन लेकरे अशी गेली. ती सांगायची, "सांजच्याला पोरगं अंगणात खेळत हुतं बग. कोंबडं आरवायच्या आत गेलं." त्याला काय झाले होते, असे विचारले की ती एकच शब्द बोलायची, "झटका." त्यापुढे नाव नव्हते. ज्याला नाव नाही त्याची नोंद होत नाही, आणि ज्याची नोंद नाही त्याचा बंदोबस्तही होत नाही.

आता विज्ञान काय म्हणते ते थोडक्यात पाहू. तापाबरोबर मेंदू बिघडण्याचे दोन मुख्य प्रकार आहेत. एकात जंतू स्वतः मेंदूत शिरतो आणि तिथे दाह होतो. याला मेंदूदाह किंवा आपल्या बोलण्यातला मेंदूज्वर म्हणतात. दुसऱ्यात संसर्ग शरीरात दुसरीकडेच असतो, पण शरीराची उलटी प्रतिक्रिया, यकृताचा बिघाड किंवा रक्तातली साखर घसरणे अशा कारणाने मेंदू सुजतो. याला संसर्गाशी निगडित मेंदूविकार म्हणावे. जपानमध्ये फ्ल्यूच्या हंगामात लहान मुलांना असा विकार होतो, हे तिथल्या डॉक्टरांनी नव्वदच्या दशकात लक्षात आणून दिले. खाटेवरचे मूल पाहून हे दोन प्रकार वेगळे ओळखणे कठीण असते. म्हणून आता सरकारी नोंदीत सरसकट 'तीव्र मेंदूज्वर लक्षणसमूह' असे लिहितात आणि कारण मागाहून शोधतात.

हे कारण शोधण्याच्या कामात महाराष्ट्राचे नाव जगाच्या नकाशावर गेले आहे. पुण्यात १९५२ साली भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि अमेरिकेतले रॉकफेलर फाउंडेशन यांनी मिळून विषाणू संशोधन केंद्र सुरू केले. तीच आजची राष्ट्रीय विषाणू संस्था. १९६५ साली नागपुरात तापाची साथ होती. डेंगू आणि चिकुनगुन्या यांचा शोध घेण्यासाठी केंद्राच्या माणसांनी रुग्णांचे रक्त गोळा केले. त्यांतल्या दोन रुग्णांच्या रक्तात एक निराळाच विषाणू सापडला. कोणत्याही ओळखीच्या विषाणूशी तो जुळेना. भट्ट आणि रॉड्रिग्ज या शास्त्रज्ञांनी १९६७ साली त्याची माहिती प्रसिद्ध केली आणि तो जिथे सापडला त्या चांदीपुरा या ठिकाणाचे नाव त्याला दिले. कुत्रा चावल्याने होणाऱ्या रेबीजचा विषाणू ज्या कुळातला, त्याच कुळातला हा चांदीपुरा. सूक्ष्मदर्शकाखाली बंदुकीच्या गोळीसारखा दिसतो.

ते दोन्ही रुग्ण साध्या तापाचे होते. मेंदूशी त्याचा काही संबंध असेल असे तेव्हा कोणालाच वाटले नाही. एक नवा विषाणू सापडला, त्याला नाव मिळाले, तो शीतकपाटात गेला. पण केंद्राच्या लोकांनी माग सोडला नव्हता. हा विषाणू माणसात येतो कुठून? त्याचा पुरावा आपल्या मराठवाड्यात मिळाला. तेव्हाच्या औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, पकडलेल्या वालुमाश्यांमध्ये हाच विषाणू सापडला. धांडा, रॉड्रिग्ज आणि घोष यांनी तो निष्कर्ष १९७० साली छापला. विदर्भातल्या तापाचा वाहक मराठवाड्याच्या भिंतीत सापडला, असे म्हणायला हरकत नाही.

ही वालुमाशी तुम्ही पाहिली असेल, पण ओळखली नसेल. डासाच्या चौथ्या हिश्शाएवढी, मातकट रंगाची, अंगावर लव. बसताना पंख वर उभे धरते. फार उंच उडत नाही, उड्या मारीत पुढे सरकते. डासासारखी गुणगुणत नाही, त्यामुळे चावेपर्यंत कळत नाही. साध्या मच्छरदाणीच्या भोकातून सहज आत येते. दिवसा ती अंधाऱ्या, दमट फटीत बसते आणि रात्री बाहेर पडते. अंडी घालते ती ओलसर, शेणकचऱ्याच्या मातीत. म्हणजे गोठा, भिंतीचा पाया, उकिरड्याची कड. पावसाळा लागला की तिची संख्या वाढते. आता आपल्या जुन्या घराचे चित्र डोळ्यांसमोर आणा. दगडमातीच्या दोन-दोन हात रुंद भिंती, वर तुळया आणि किलचन, त्यावर हातभर मातीचे माळवद. खालच्या सोप्यातच एका बाजूला जनावरे बांधलेली. वालुमाशीने स्वतःसाठी घर बांधायचे ठरवले असते तर तिने याहून वेगळे काही बांधले नसते.

फवारणीचा इतिहास इथे येऊन मिळतो. राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम १९५३ साली सुरू झाला आणि १९५८ पासून निर्मूलनाची मोहीम झाली. घराघरांच्या भिंतींवर डीडीटी मारले गेले. रोख होता हिवतापाच्या डासावर, पण डीडीटीने वालुमाशी डासापेक्षाही लवकर मरते. बिहारात काळा आजार हा वालुमाशीमुळेच होतो. फवारणीच्या त्या काळात तो जवळजवळ नाहीसा झाला होता. फवारणी थांबली आणि सत्तरच्या दशकात तो लाखाच्या संख्येने परत आला. भिंतीवरचे औषध आणि भिंतीतली माशी यांचे नाते किती घट्ट आहे, हे त्यावरून समजते.

आम्ही गावात फवारणीला गेलो की दारावर गेरूने तारीख लिहून पुढे जात असू. पुरुष मंडळी फारसे काही म्हणत नसत. अडवायच्या त्या आयाबाया. त्यांची तक्रार खोटी नव्हती. डाग पडायचे, वास यायचा, देव्हाऱ्याच्या खोलीत तर कोणी शिरू देत नसे. आणि फवारून झालेल्या भिंतीवर पंचमी, महालक्ष्म्या, दसरा यांच्या निमित्ताने पोतारा फिरायचा. पांढऱ्या मातीचा स्वच्छ, सुंदर हात. औषध त्याखाली गडप व्हायचे. पण आज मागे वळून पाहिले की त्या पोताऱ्याचे दुसरे अंगही दिसते. मन लावून केलेल्या पोताऱ्याने भिंतीच्या फटी बुजत असत. औषध झाकले जायचे, तशी माशीची वस्तीही मोडायची. दोन्ही कामे एकमेकांना विचारून झाली असती, आधी फटी बुजवणे आणि मग फवारणी असा क्रम लागला असता, तर दोहोंचा फायदा मिळाला असता. खात्याने बायांना ते विचारले नाही.

दरम्यान १९८० साली पूर्वीच्या मध्य प्रदेशात जबलपूर-रायपूर भागात मेंदूविकाराची साथ आली. तिथल्या एका रुग्णाच्या रक्तातून पुन्हा चांदीपुरा विषाणू वेगळा झाला. १९८३ साली ते प्रसिद्ध झाले. आता विषाणू आणि मेंदू यांची गाठ पहिल्यांदा दिसली होती. पण एका रुग्णावरून कोणी मोठा निष्कर्ष काढत नाही. विषाणू पुन्हा वीस वर्षे विस्मरणात गेला.

त्या वीस वर्षांच्या मधोमध आमच्याकडे भूकंप झाला. तज्ज्ञांनी तेव्हाच सांगितले की एवढ्या तीव्रतेच्या धक्क्याला एवढी माणसे जायचे कारण म्हणजे घरांची बांधणी. मातीत रचलेले दगड सुटले आणि जड माळवदे झोपलेल्या माणसांवर आली. मग जागतिक बँकेच्या मदतीने पुनर्वसनाचा मोठा कार्यक्रम झाला. बावन्न गावे नव्या जागी वसवली गेली. रुंद रस्ते, रांगेतली पक्की घरे. नव्या घरांवर टीकाही झाली. भावकी विखुरली, वाडा गेला, जनावरे बांधायला जागा उरली नाही. ती टीका रास्त होती. तरी आरोग्य खात्याच्या माणसाच्या नजरेने मी एक गोष्ट सांगतो. भूकंपातून वाचायचे म्हणून आम्ही मातीच्या भिंतीतून बाहेर आलो, आणि त्याबरोबर माणूस आणि जनावर यांच्यामध्ये एक भिंत उभी राहिली. कीटकजन्य आजारांचा विचार त्या आराखड्यात कोणाच्या डोक्यात नव्हता. पण घर बदलणे हे औषधाइतकेच आरोग्याचे काम आहे, हे मला तिथे उमगले. अर्थात ज्या शेकडो गावांना भूकंपाने हलवले नाही तिथे त्याच भिंती राहिल्या. आणि नव्या गावातही गिलावा तडकतो, घराला लागून गोठा उभा राहतो.

मग आले २००३ साल. जून ते ऑगस्ट या तीन महिन्यांत आंध्र प्रदेशात मुलांमध्ये भयंकर साथ पसरली. करीमनगर आणि वरंगळ हे जिल्हे सर्वाधिक होरपळले. हे दोन्ही आज तेलंगणात आहेत. नांदेडकरांना हा मुलूख परका नाही. देगलूर-बिलोली-धर्माबादच्या पलीकडे निजामाबाद लागते, त्यापुढे करीमनगर. सोयरिकी आहेत, बाजारहाट आहे, १९४८ पर्यंत आपण सारे एकाच हैदराबाद संस्थानात होतो. तिथे ३२९ मुले या आजाराने पडली आणि त्यांतली १८३ दगावली. म्हणजे शंभरातली पंचावन्न. बहुतेक मुले आजार सुरू झाल्यापासून दोन दिवसांच्या आत गेली. त्याच पावसाळ्यात महाराष्ट्रातही, मुख्यतः विदर्भाकडे, अशा रुग्णांनी बालरुग्ण विभाग भरले. पुण्याच्या संस्थेचे पथक धावले. जपानी मेंदूज्वर नाही, गोवर नाही, हिवताप नाही, असे एकेक नाव खोडत गेल्यावर जे उरले ते अडतीस वर्षांपूर्वी नागपुरात सापडलेल्या विषाणूचे नाव होते. चांदीपुरा. रुग्णांच्या नमुन्यांत विषाणू मिळाला, आणि हे संशोधन २००४ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले.

सगळ्यांनी ते लगेच मान्य केले असे नाही. आंध्रातल्या काही बालरोगतज्ज्ञांनी म्हटले की हा दाह नसून मेंदूच्या रक्तवाहिनीचा झटका आहे. वाद शास्त्रीय पातळीवर झाला आणि तो होणे चांगलेच होते. कारण मेंदूज्वर म्हटले की सारे एकच, असे धरून चालण्यात धोका असतो. याची दोन उदाहरणे देतो. १९६३ साली ऑस्ट्रेलियात सिडनीच्या रुग्णालयातले डॉ. राय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकवीस मुलांचा वृत्तान्त छापला. फ्ल्यू किंवा कांजिण्यांसारख्या साध्या आजारातून उठत असताना या मुलांचा मेंदू सुजला आणि यकृतात चरबी साठली. पुढे अमेरिकेत असे दिसले की अशा तापात ज्यांना अॅस्पिरिन दिले त्या मुलांना हा धोका जास्त. १९८०च्या सुमारास तिथे वर्षाला साडेपाचशेवर रुग्ण नोंदले गेले होते. अॅस्पिरिनच्या वेष्टनावर इशारा छापणे १९८६ पासून सक्तीचे झाले आणि रुग्णांची संख्या वर्षाला तीन डझनांच्या खाली आली. नवे औषध नाही, लस नाही. एक गोळी घरातून दूर ठेवली आणि शेकडो मुले वाचली.

दुसरे उदाहरण बिहारच्या मुझफ्फरपूरचे. तिथे दर उन्हाळ्यात मुले पहाटे झटके येऊन दगावत. वर्षानुवर्षे लोक त्याला मेंदूज्वर म्हणत आणि विषाणू शोधत. २०१४ सालच्या तपासात तिथल्या रुग्णालयांत ३९० मुले दाखल झाली, १२२ गेली. कारण निघाले ते वेगळेच. रात्री उपाशी झोपलेल्या मुलाने भरपूर लिची खाल्ली तर लिचीतल्या द्रव्याने रक्तातली साखर एकदम उतरते. साखर वेळेवर मोजून शिरेतून दिली तर मूल वाचते. म्हणून मी म्हणतो, नाव अचूक शोधणे ही पंडितांची हौस नसते. त्या नावावर मुलांचे प्राण अवलंबून असतात.

चांदीपुराने त्यानंतर आपला पिच्छा सोडलेला नाही. २००४ साली पूर्व गुजरातेत साथ आली आणि तिथे मृत्यूचे प्रमाण आंध्राहूनही जास्त होते. २००७ साली नागपूर विभागात ७८ रुग्ण नोंदले गेले, त्यांतल्या निम्म्यांत हाच विषाणू होता. आणि अलीकडे २०२४ च्या पावसाळ्यात गुजरातेत पुन्हा उद्रेक झाला. जागतिक आरोग्य संघटनेच्या नोंदीप्रमाणे जूनच्या सुरुवातीपासून १५ ऑगस्टपर्यंत देशात मेंदूज्वराचे २४५ रुग्ण आणि ८२ मृत्यू झाले, त्यांतले ६४ रुग्ण चांदीपुराचे ठरले. वीस वर्षांतला हा सर्वात मोठा उद्रेक होता. तिथल्या आरोग्य पथकांनी काय केले? मातीच्या भिंतीच्या फटी बुजवल्या आणि मॅलॅथिऑनची भुकटी मारली. मी बातमीतली छायाचित्रे पाहिली तेव्हा हात ओळखीचे वाटले. पोतारा आणि फवारणी शेवटी एकाच भिंतीवर भेटली होती.

या विषाणूवर आजही खास औषध नाही आणि वापरात असलेली लस नाही. मग रुग्णालयात जाऊन उपयोग काय, असे काही जण विचारतात. उपयोग फार आहे. झटके थांबवता येतात, श्वास मोकळा ठेवता येतो, मेंदूची सूज उतरवता येते, साखर सावरता येते. शरीराला लढायला वेळ मिळवून द्यायचा, एवढेच डॉक्टरांच्या हाती असते. पण त्यासाठी मूल त्यांच्या हाती वेळेत पोचले पाहिजे. माझ्या आजीच्या काळी जवळ काहीच नव्हते. आज अंबाजोगाई, नांदेड, लातूर इथे सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये आहेत, एकशे आठ क्रमांकाची गाडी आहे. एवढे असूनही पहिले काही तास अजूनही घरातच जातात. कोणी उतारा टाकते, कोणी कांदा हुंगवते, कोणी पोटावर डाग देते. ज्या आजारात एकूण वेळच चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांचा, तिथे गेलेली एक रात्र फार मोठी असते.

म्हणून चार गोष्टी सांगतो आणि थांबतो. पावसाळ्यात लेकराला ताप आला आणि त्याबरोबर उलटी, झटका, असंबद्ध बडबड किंवा जागे होत नाही अशी गुंगी असेल तर सकाळची वाट पाहू नका. झटका येत असताना त्याला एका कुशीवर निजवा, तोंडात चमचा, पाणी, काहीही घालू नका, आणि गाडी बोलवा. मुलाला मनाने अॅस्पिरिनची गोळी देऊ नका. आणि मृग लागण्याआधी घराच्या आणि गोठ्याच्या भिंतींच्या फटी लिंपून घ्या, शेणकचरा घरापासून लांब न्या, लेकरांना अंगभर कपडे घालून बारीक जाळीच्या मच्छरदाणीत निजवा. फवारणीवाले आले तर त्यांना देव्हाऱ्याच्या खोलीतही येऊ द्या. पोतारा जरूर करा, फक्त तो त्यांच्या आधी करा.